रकाना ठेवायचा तर त्याचा उपयोग सांगा

महोदय,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत, म्हणजे आपण एखादं पात्र होऊन खेळायच्या खेळांत, पात्र तयार करताना आता ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ ही बटणं काढून तिथे ‘शरीर १’ आणि ‘शरीर २’ लावतात, वर पात्राचा उल्लेख कसा करायचा तेही विचारतात, हे सगळं मूठभर लोकांचं फॅड आहे आणि त्यापायी चांगल्या खेळांचा विचका होतोय, असा त्यांचा सूर होता. ‘सरळ खरं काय ते लिहा की’ असा आग्रह धरून आणि ‘याने कुणाला काय फरक पडतो?’ असा सवाल करून त्यांनी पत्र संपवलं होतं.

त्यांचा वैताग मला निम्मा पटतो. कुठला निम्मा, ते सांगतो.

माझी नोकरी छापील नमुने तयार करण्यात गेली. अर्ज, प्रपत्रं, घोषणापत्रं, पोचपावत्या. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी एका ऑनलाइन खेळात हीलर असतो, म्हणजे बाकीचे राक्षसाला भिडतात आणि मी मागे उभा राहून त्यांच्या जखमा भरतो. घरचे हसतात. हसू देत. कार्यालयातही मी हेच करत होतो.

नमुने करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. आमच्या वरिष्ठांनी ती लावली होती. मसुदा तयार झाला की प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने लिहायचं : ही माहिती पुढे कोण वाचणार आणि तिचं काय करणार. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो रकाना खोडायचा. ‘असू दे, कधीतरी लागेल’ हे कारण चालत नसे. बिनकामाच्या रकान्यात माणसं मनाला येईल ते ठोकून देतात आणि त्यामुळे शेजारच्या कामाच्या रकान्यावरचाही भरवसा जातो. दुसरा दंडक असा की एका रकान्यात एकच प्रश्न. ‘नाव व जन्मतारीख’ असं एकाच ओळीत छापणाऱ्या कनिष्ठांना मी स्वतः मसुदे परत केले आहेत.

आता पात्र तयार करण्याचा पडदा हा नमुनाच आहे. चांगला सजवलेला, मागे संगीत वाजत असलेला, पण नमुनाच. त्यात पहिल्या दोन-तीन प्रश्नांत ‘पुरुष की स्त्री’ हे विचारलेलं असतं. कित्येकदा वंशाच्याही (म्हणजे पात्र माणूस की दुसरा कुठला काल्पनिक जीव याच्याही) आधी, आणि तुम्ही तलवार चालवणार की मंत्र टाकणार याच्याही आधी. मी पेन्सिल घेऊन बसलो : हे उत्तर पुढे कोण वाचतं आणि त्याचं काय करतं?

एके काळी या रकान्यासमोर लिहायला खरोखरच काहीतरी होतं. कागद-पेन्सिलीने आणि फाशांनी खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या सगळ्या खेळांचा मूळपुरुष. तो १९७४ साली आला. त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचं खेळाडूंसाठीचं नियमपुस्तक १९७८ साली निघालं आणि त्यात शक्तीचा तक्ता होता. योद्ध्याची शक्ती १८ आली की तो पुढे टक्केवारीचे फासे टाकायचा. मानववंशातला पुरुष योद्धा शंभरापर्यंत जाऊ शके, स्त्री योद्धा पन्नासावर थांबवली जाई. म्हणजे रकाना भरला की वजावट ठरलेली. नियम वाईट होता, पण रकान्याचा उपयोग तरी कळत होता! पुढे ती वजावट गेली आणि २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने खेळाडूला सरळ सांगितलं की पात्राचं लिंग ठरवताना दोनच चौकटींत राहण्याचं बंधन नाही. रकाना मात्र सवयीने राहिला. जुन्या नमुन्यांत असं नेहमी होतं. कारण नाहीसं होतं आणि रकाना छापला जात राहतो.

हे फॅड आहे, या म्हणण्याबद्दल. पत्रलेखकांना वाटतं तितकं हे ताजं नाही. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसती अक्षरं होती, त्या काळातलं ‘लॅम्डामू’ नावाचं एक ऑनलाइन जग पावेल कर्टिस यांनी १९९० साली सुरू केलं. तिथे पात्राचं लिंग एक आज्ञा टंकून ठरवायचं, आणि पर्याय दोन नव्हते, चांगले ओळीने होते. स्त्री, पुरुष, नपुंसक, अनेकवचनी, शिवाय एक राजेशाही पर्याय, ज्यात पात्राचा उल्लेख राजाने स्वतःचा करावा तसा ‘आम्ही’ असा होई. ‘स्पिव्हाक’ नावाचा आणखी एक होता, त्यात ना ‘तो’ ना ‘ती’ अशी वेगळीच सर्वनामं वापरली जात. हे कुणी मोर्चा काढून मागितलं नव्हतं. मजकुरात एक पर्याय वाढवायला चार ओळी लागतात, म्हणून लोकांनी वाढवले.

चित्र आलं आणि हिशेब फिरला. खेळातलं एक शरीर म्हणजे आत हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेली कातडी, चालणं, धावणं, पोहणं, मरून पडणं अशा असंख्य हालचाली, आणि त्या अंगावर बेतून बसवलेला प्रत्येक कपडा. समजा खेळात दहा वंश आहेत आणि प्रत्येकाची दोन शरीरं, तर एक शिरस्त्राण वीस डोक्यांवर बसवून पाहावं लागतं. शिंगं असलेल्या वंशाचं तर विचारूच नका. तेव्हा दोन बटणं जी आली ती कुणा तत्त्ववेत्त्याने आणली नाहीत, खर्चाच्या तक्त्याने आणली. २०१४ साली ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या चार जणांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन भागात बाईचं शरीर का नाही, यावर वाद झाला. काम दुप्पट होईल, असं कंपनीकडून उत्तर आलं आणि त्याच क्षेत्रातल्या अनुभवी अ‍ॅनिमेटरांनी ते जाहीरपणे खोडून काढलं. नेमकं किती काम वाढलं असतं हा त्यांच्यातला वाद. पण वाद खर्चाचा होता, एवढं त्यातून दिसलं.

माझा सर्वांत लाडका नमुना २००४ सालच्या ‘सिटी ऑफ हीरोज’ या ऑनलाइन खेळाचा. तिथे शरीराच्या प्रश्नाला तीन पर्याय होते : पुरुष, स्त्री आणि धिप्पाड. असा मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो समासात लाल शेरा मारून परत केला असता, कारण पहिले दोन पर्याय एका प्रश्नाची उत्तरं आहेत आणि तिसरा दुसऱ्याच. पण विचार केल्यावर वाटतं, या मंडळींनी नकळत खरं ते छापलं. त्यांना लिंग विचारायचंच नव्हतं. ‘आमच्याकडे तीन सांगाडे आहेत, त्यातला कुठला हवा?’ एवढंच विचारायचं होतं.

आता आजच्या खेळांकडे येतो. ‘पुरुष की स्त्री’ या एका रकान्याचं उत्तर पुढे किती जण वाचतात ते मोजा. शरीर त्यावरून ठरतं. आवाज ठरतो. गावकरी, सरदार, राक्षस तुमचा उल्लेख कसा करतील ते ठरतं. कुठले केस आणि कुठले कपडे मिळतील ते ठरतं, दाढी मिळेल की नाही ते ठरतं. काही खेळांत पेशासुद्धा ठरतो. ‘ब्लॅक डेझर्ट’ आणि ‘लॉस्ट आर्क’ यांत क्लासलाच, म्हणजे पात्राच्या पेशालाच, लिंग चिकटवलेलं आहे, अमुक शस्त्र चालवायचं तर तमुकच शरीर. (‘लॉस्ट आर्क’ने नंतर काही क्लासच्या दुसऱ्या लिंगाच्या जोड्या आणल्या.) २००० सालच्या ‘डायब्लो २’मध्येही तसंच होतं. २०१२ च्या ‘डायब्लो ३’ने प्रत्येक क्लासला दोन्ही शरीरं दिली आणि आभाळ कोसळलं नाही. ‘फायनल फँटसी १४’ने २०१९ साली दोन नवे वंश आणले, सशाच्या कानांच्या व्हिएरा फक्त बायका आणि सिंहासारखे ह्रोथगार फक्त पुरुष. व्हिएरा पुरुष २०२१ साली आले, ह्रोथगार बायका २०२४ साली. अर्धा वंश आधी आणि अर्धा पाच वर्षांनी, हे मला नमुन्यात ‘मागील पानावर पाहा’ लिहून मागचं पान कोरं सोडण्यासारखं वाटतं.

म्हणजे एक रकाना आणि त्यात निदान पाच प्रश्न कोंबलेले. माझा मूळ आक्षेप हा आहे. तो कुठल्याही विचारसरणीचा नाही, नमुन्याच्या शिस्तीचा आहे.

आणि इथेच पत्रलेखकांचा निम्मा वैताग मला पटतो. ‘शरीर १’ आणि ‘शरीर २’ ही दुरुस्ती नव्हे, नुसती पाटी बदलली आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०२२ सालच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ आवृत्तीच्या वेळी पुरुष आणि स्त्री हे शब्द काढून तिथे आकडे टाकले. त्याच वर्षी आलेल्या ‘एल्डन रिंग’ने ‘प्रकार अ’ आणि ‘प्रकार ब’च्या धर्तीवर अक्षरं लावली. पण ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये पहिलं शरीर निवडलं की आवाजही त्याच शरीराचा आणि मजकुरातला उल्लेखही त्याच शरीराचा. पाचही प्रश्न पूर्वीसारखेच एका गाठीत, वर आता तो रकाना काय विचारतो हेही कळेनासं झालं. नवख्या खेळाडूला ‘१’वरून काय बोध व्हावा? ज्यांना पडदा दिसत नाही आणि जे पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून वाचून घेतात, त्यांना तर चित्राशिवाय आकड्याचा काहीच उपयोग नाही. ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या दोन शब्दांत जे बसत नाहीत, ज्यांच्यासाठी हे केलं असं सांगितलं गेलं, त्यांच्याही हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा याच खेळाने २०२० साली केलेला एक बदल कितीतरी कामाचा होता. पात्राचं लिंग बदलायला पूर्वी खरे पैसे मोजावे लागत, ते खेळातल्या न्हाव्याकडे, खेळातल्याच नाण्यांत होऊ लागलं. त्यावर कुणी पत्र लिहिलं नाही.

याच्या उलट, प्रश्न सुटे केले की काय होतं ते २०२३ सालच्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पाहावं. चार जणांपर्यंत ऑनलाइन मिळून खेळता येतं. तिथे शरीराचे चार पर्याय, आवाज वेगळा निवडायचा, आणि उल्लेख पुरुषी हवा, स्त्रीचा हवा की दोन्ही नको, हे आणखी वेगळं. दाढी कुणालाही. ज्याला तीन मिनिटांत खेळायला बसायचं आहे तो बसतो, ज्याला तास घालवायचा आहे तो घालवतो. ‘सायबरपंक २०७७’ने २०२० साली अर्धी गाठ सोडवली होती. शरीर आवाजापासून सुटं केलं, पण उल्लेख मात्र आवाजाला बांधला. घोगऱ्या आवाजाची बाई तिथे अडते.

‘द सिम्स ४’ हा ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ नव्हे, पण त्याचं कौतुक केल्यावाचून मला राहवत नाही. २०१६ साली त्यांनी लिंगाच्या प्रश्नाखाली चार छोटे प्रश्न दिले. अंगाची ठेवण कशी, कपडे कुठल्या धाटणीचे आवडतात, हे पात्र गरोदर राहू शकतं, दुसऱ्याला गरोदर करू शकतं की दोन्ही नाही, आणि शौचालयात उभं राहतं की नाही. शेवटचा प्रश्न वाचून आमचे चिरंजीव खो खो हसले. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, याला नमुना म्हणतात! त्या खेळात माणसं संसार करतात, त्यांना मुलं होतात, ती शौचालयात जातात. खेळाला ही माहिती खरोखर लागते, म्हणून जेवढी लागते तेवढीच विचारली आणि एका रकान्यात एक प्रश्न ठेवला. ड्रॅगन मारायच्या खेळाला यातलं काय लागतं, ते त्यांनी आपापल्या पेन्सिलीने ठरवावं.

आणि काहींनी रकानाच नको असं ठरवलं. २००५ सालच्या ‘क्लब पेंग्विन’मध्ये मुलं फक्त पेंग्विनचा रंग निवडत. २०१२ सालच्या ‘जर्नी’मध्ये अंगभर झगा घातलेली एक आकृती वाळवंटातून चालते, ऑनलाइन भेटणारा सोबतीही तसाच झग्यातला, ना नाव ना बोलणं. २००९ पासून चाललेल्या ‘फॉलन लंडन’ या मजकुरी खेळाने तर विचारूनही गंमत केली. तिथे बाई, बुवा आणि गूढ व अस्पष्ट लिंगाची व्यक्ती असे पर्याय. तिसरा निवडणारं पात्र उलट सुनावतं की या शहराच्या रस्त्यांवर स्क्विडच्या तोंडाची माणसं फिरतायत, त्यांना कधी विचारलंत का? कारकुनाला असं उत्तर ऐकायला लागलं तर वाईट वाटतं, पण उत्तर बिनतोड आहे.

उल्लेखाच्या प्रश्नावर थोडं सविस्तर, कारण पत्रलेखकांचा मुख्य राग त्यावर आहे. खेळातला मजकूर आधीच लिहिलेला असतो आणि त्यात जागोजाग खाचा ठेवलेल्या असतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या मजकुरात अशा खाचा पहिल्यापासून आहेत : पात्र पुरुष असेल तर हा शब्द, बाई असेल तर तो. तेव्हा पात्राचा उल्लेख कसा करायचा हे खेळ पूर्वीही ठरवत होताच, फक्त तुम्हाला न विचारता. इंग्रजीत अशा खाचा थोड्या लागतात. आपल्यासारख्या भाषेत क्रियापदालाही लिंग लागतं, त्यामुळे ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ अशी प्रत्येक वाक्याला खाच पाडावी लागेल. ‘द सिम्स ४’ने २०२२ साली हवं ते सर्वनाम निवडायची सोय केली ती आधी फक्त इंग्रजीत, यामागे भाषांची हीच अडचण होती. पण ‘आपल्या भाषेत हे जमणारच नाही’ असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. आम्ही सगळा जन्म ‘अर्जदाराने सही करावी’, ‘उमेदवाराने मूळ प्रत सोबत आणावी’ असं लिहिलं. अर्जदार बाई की बुवा हे आम्हाला ठाऊक नसे आणि वाक्याचं काही अडत नसे. ‘तुम्ही आलात, बरं झालं’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या लोहाराला तरी कुठे काय अडतं? चांगल्या भाषांतरकाराला एवढं हातचं काम आहे. ज्याला ‘आलास’ किंवा ‘आलीस’ ऐकायचं आहे त्याच्यासाठी खाच, बाकीच्यांसाठी ‘तुम्ही’.

राहिला ‘कुणाला काय फरक पडतो’ हा सवाल.

आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटात, मराठी बोलणारे बरेच आहेत. माझं पात्र ड्वार्फ, म्हणजे बुटक्या वंशातली, बाई आहे. का, तर त्या वंशाच्या बाईच्या अंगावर हीलरचा झगा बरा दिसतो आणि आपलंच पात्र पाठमोरं तासन्तास बघायचं असतं. त्यामुळे चॅटमध्ये मला ‘ताई, हील!’ म्हणतात आणि व्हॉइस चॅटवर माझा खोकला ऐकला की ‘काका, हील!’ म्हणतात. मला दोन्ही चालतं. बाईचं पात्र घेऊन खेळणारे पुरुष या खेळांत ढिगाने आहेत. तेव्हा ‘सरळ खरं काय ते लिहा की’ हा पत्रलेखकांचा आग्रह या रकान्याला लागू होत नाही. हे पात्राबद्दलचं उत्तर आहे, खेळाडूबद्दलचं घोषणापत्र नव्हे.

पण आमची टँक म्हणजे सर्वांत पुढे उभी राहून मार खाणारी व्यक्ती कधीच व्हॉइस चॅटवर येत नाही. सगळं टंकून. पात्र शिंगांच्या वंशातलं, शिरस्त्राण कधी उतरवलेलं नाही. एकदा बाहेरून आलेल्या एका गड्याने चॅटमध्ये विचारलं, ‘तू खरं काय आहेस?’ उत्तर आलं, ‘टँक’. आणि पुढच्या दालनावर धावा झाला सुद्धा. त्या व्यक्तीला का बोलायचं नसेल याची मला दोन-तीन कारणं सुचतात. आमच्यातल्या एका मुलीने व्हॉइस चॅटवर पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा अनोळखी लोकांकडून जे ऐकलं ते एक कारण. बाकीची मी विचारणार नाही. एवढं पाहिलं आहे की शिरस्त्राणाखाली न लपता खेळता आलं असतं तर त्या व्यक्तीने केव्हाच वेगळा चेहरा घेतला असता. नवीन आवृत्तीत चेहऱ्यांचे पर्याय वाढले की चौकशी पहिली तिथून येते, ‘यातले कुठल्याही शरीराला लागतात का?’ बहुतेक वेळा लागत नाहीत.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने २०१० साली आपल्या चर्चामंचांवर लिहिताना खेळाडूंची खरी नावं दाखवायचं जाहीर केलं होतं. खेळाडूंनी इतका गिल्ला केला की काही दिवसांतच बेत गुंडाळावा लागला. सभ्य चर्चेसाठी काढलेला फतवा, पण एका रकान्यापायी कोण उघडं पडेल याचा विचार झाला नव्हता.

आणि फरक पडतो की नाही, याचा एक प्रयोग होऊनही गेला आहे. ‘रस्ट’ नावाच्या ऑनलाइन खेळात पात्राचं रूप तुम्ही निवडतच नाही, ते खात्याच्या क्रमांकावरून ठरतं आणि कायमचं. २०१६ साली त्यात बायकांची शरीरं आली आणि अनेक पुरुष खेळाडू एके दिवशी खेळ उघडून पाहतात तर बाई झालेले. मोठी ओरड झाली. ‘हा मी नव्हे’, ‘मला निवडू द्या’. शरीर हातात नसणं म्हणजे काय, ते कळायला त्यांना एक संध्याकाळ पुरली. पत्रलेखकांचं खातं त्या खेळात असेल तर त्यांनीच सांगावं.

खर्चाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. नवं शरीर महाग आहे. छोट्या चमूला तिसरा सांगाडा परवडणार नाही, आणि अंगातून आरपार गेलेलं चिलखत पाहण्यापेक्षा दोनच शरीरं नीट असलेली बरी. पण आवाज शरीरापासून सोडवणं महाग नाही, तो ध्वनिमुद्रित असतोच, फक्त दुसऱ्या शरीराला लावू द्यायचा. केस सोडवणं फार महाग नाही. कपडे सोडवायला मेहनत आहे, पण २०२५ सालच्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ने बायकांची आणि पुरुषांची चिलखतं हा भेद काढून टाकला. कुणीही कुठलंही घालावं. तेच चिलखत पुरुषाच्या अंगावर लोखंडाचं आणि बाईच्या अंगावर चोळीएवढं, हा प्रकार मी ड्वार्फ बाईच्या अंगाने बराच सोसला आहे. सर्वांत मागे उभा असतो म्हणून निभावलं.

माझ्याकडे मसुदा आला तर मी असा करीन. वर ठळक दोन बटणं, ‘तयार पुरुष’ आणि ‘तयार स्त्री’, घाईत असलेल्यांसाठी. दाबा आणि खेळायला लागा. पत्रलेखकांची बटणं त्यामुळे शाबूत राहतात. खाली, ज्याला हवं त्याने उघडावं असं : अंगाची ठेवण चित्रासह आणि शब्दांत वर्णनासह (‘रुंद खांदे, अरुंद कंबर’ असं लिहायला काय होतं?), आवाज ऐकून निवडायची सोय, केस-दाढी-कपडे सगळ्यांना सगळे, आणि शेवटी मजकुरात उल्लेख कसा हवा, त्यात ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ‘तुम्ही’सह. प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरांत, या उत्तराचा खेळात कुठे उपयोग होतो. आणि कुठलंही उत्तर पुढे कधीही, फुकट बदलता यावं. क्लासला लिंग चिकटवलेलं असेल तर त्याचं कारण छापावं. कारण छापताना लाज वाटली तर रकाना खोडावा.

आणखी एक रकाना आहे ज्याकडे कुणाचंच लक्ष नाही : वय. मी खेळलेल्या बहुतेक खेळांत पुरुषाला पांढरी दाढी, सुरकुत्या, एक डोळा गेलेला चेहरा, सगळं मिळतं. ड्वार्फ बाईला केस पांढरे करता येतात, चेहरा मात्र पंचविशीचाच राहतो. माझ्या वयाची हीलर मला करता आलेली नाही. कुठल्या खेळात येत असेल तर आपल्या वाचकांपैकी कुणी जरूर कळवावं, मी आमच्या सगळ्या गिल्डला घेऊन येतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कर्मचारी
(नाव व पत्ता संपादकांपाशी)